गोदाकाठचे कोपरगाव : साखरेचे वैभव आणि पाण्याची पाळी

गोदावरीच्या काठावर वसलेल्या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते, असे परक्या माणसाला सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या कोपरगावने मात्र असे कितीतरी उन्हाळे काढले आहेत. शहराच्या कुशीतून नदी वाहते, तालुक्यातून शंभर वर्षांपूर्वीचे दोन पाट जातात, आसपास साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत आणि तरीही घराघरांत पाणी साठविण्याची पिंपे दिसतात. हा विरोधाभास केवळ नगरपालिकेच्या गलथानपणाचा आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. त्यामागे शतकभराचा इतिहास आहे. दुष्काळ हटविण्यासाठी आणलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, याचाच तो इतिहास आहे.

दादासाहेबांचा वाडा आणि शुक्राचार्यांचे बेट

कोपरगावचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते राघोबादादांमुळे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यानंतर बारभाईंचे राजकारण झाले, इंग्रजांशी युद्ध झाले आणि अखेर १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. या तहाने रघुनाथरावांची पेशवाईची महत्त्वाकांक्षा कायमची संपली. दरमहा पंचवीस हजार रुपयांच्या नेमणुकीवर त्यांनी राजकारणापासून दूर राहावे, असे ठरले. राहण्यासाठी त्यांनी गोदावरीकाठचे कोपरगाव निवडले. तेथे आल्यावर ते फार दिवस जगले नाहीत. १७८३ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. अटकेपर्यंत घोडी नेणाऱ्या सेनानीची अखेर अशा आडगावी, नदीकाठच्या वाड्यात व्हावी, याची हळहळ आजही जुने कोपरगावकर बोलून दाखवितात. जवळच्या हिंगणी येथेही त्यांचा वाडा होता. ब्रिटिश अमदानीत कोपरगावच्या वाड्यात सरकारी कचेऱ्या भरत असत.

त्याहून जुने नाते पुराणाचे आहे. नदीच्या पलीकडचा भाग 'बेट' म्हणून ओळखला जातो. तेथे गुरू शुक्राचार्यांचे आणि कचेश्वराचे मंदिर आहे. देवांनी बृहस्पतीपुत्र कचाला दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकण्यासाठी पाठविले, त्याच्यावर देवयानीचा जीव जडला, ही कथा याच भूमीत घडली, अशी श्रद्धा आहे. महाशिवरात्रीला बेटावर गर्दी होते. या मंदिरात लग्न लावण्यासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही, असाही समज पंचक्रोशीत आहे. तालुक्यातील एका साखर कारखान्याला आणि पुढे अनेक शिक्षणसंस्थांना 'संजीवनी' हे नाव मिळाले, त्याचे मूळ या कथेत आहे. कथेतील आणखी एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. कचाची राख मद्यातून पोटात गेल्याचे कळल्यावर शुक्राचार्यांनी मद्याला शाप दिला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या 'संगीत विद्याहरण'चा तोच गाभा आहे. त्याच शुक्राचार्यांच्या पंचक्रोशीत पुढे मळीपासून मद्यार्क गाळणारे कारखाने उभे राहिले. काळाचा विनोद असा असतो.

१८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि कोपरगाव रेल्वेच्या नकाशावर आले. स्थानक गावापासून काहीसे दूर आहे. पुढे शिर्डीच्या साईबाबांची ख्याती पसरली, तेव्हा भाविकांना कोपरगावला उतरून, गोदावरी ओलांडून, टांग्याने शिर्डी गाठावी लागे. शिर्डीला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते २००९ मध्ये. म्हणजे जवळजवळ शतकभर कोपरगाव हेच शिर्डीचे प्रवेशद्वार होते. गंमत अशी की, २०१७ मध्ये सुरू झालेला शिर्डी विमानतळही प्रत्यक्षात कोपरगाव तालुक्यातील काकडी गावी आहे. नाव मात्र शिर्डीचेच!

पाट आले दुष्काळासाठी

आजच्या कोपरगावचा पाया ना वाड्याने घातला ना रेल्वेने. तो घातला पाटाने. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खनचा हा पट्टा उद्ध्वस्त केला. माणसे आणि जनावरे मेली, जी उरली ती दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. सरकारने नेमलेल्या पाटबंधारे आयोगाने १९०३ मध्ये अहवाल दिला. दख्खनच्या पठारावरील कालवे महसुलाच्या दृष्टीने फायद्याचे ठरणार नाहीत, तरीही दुष्काळापासून संरक्षण म्हणून ते बांधले पाहिजेत, हा विचार त्यातून बळावला. त्यानुसार इगतपुरीच्या डोंगरात दारणा नदीवर धरण झाले. ते १९१६ मध्ये पूर्ण झाले. दारणेचे पाणी नदीतून खाली येते, निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे बंधाऱ्याने अडविले जाते आणि तेथून गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांत वळविले जाते. डावा कालवा सुमारे ९० किलोमीटर, तर उजवा सुमारे ११० किलोमीटर लांबीचा आहे. कोपरगाव आणि आजचा राहाता तालुका हे या पाटांचे मुख्य लाभक्षेत्र होय.

सरकारची कल्पना अशी होती की, पाऊस हुकला की शेतकरी ज्वारी-बाजरीला पाटाचे एखाददुसरे पाणी घेईल आणि पीक वाचवील. प्रत्यक्षात शेतकरी तसा वागला नाही. बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पाटाचे पाणी नको असे आणि अवर्षणाच्या वर्षी सगळ्यांनाच एकाच वेळी हवे असे. अशा रीतीने कालवा चालत नाही आणि त्याची पट्टीही वसूल होत नाही. बारमाही पाणी घेणारा, रोख पैसा देणारा आणि पाणीपट्टी भरू शकणारा एकच गिऱ्हाईक होता, तो म्हणजे ऊस. कालवे हळूहळू उसाच्या ताब्यात गेले, ते असे. यात कोणाचा कट नव्हता. हिशेबच तसा होता.

उसाने सगळे पाणी पिऊन टाकू नये म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात नोकरीस असताना 'ब्लॉक' पद्धत सुचविली होती. ठरावीक क्षेत्राचा ब्लॉक मंजूर करावयाचा, त्याला ठरावीक वर्षे पाण्याची हमी द्यावयाची, परंतु त्यातील एक तृतीयांश भागातच ऊस लावू द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. गोदावरी कालव्यांवर हा शब्द इतका रुजला की, येथील शेतकऱ्याच्या तोंडी तो मराठीच झाला आहे. जमीन विकताना 'ब्लॉकची जमीन' असा उल्लेख होई आणि तिला दरही वेगळा मिळे. पुढे हे ब्लॉक कमी होत गेले, मंजुरीचे नूतनीकरण थांबले आणि त्यावरून मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या. पाटकरी, चारी, आवर्तन, सात नंबरचा अर्ज, पाळी, 'टेल'चा शेतकरी, हे शब्द या तालुक्यात लहान मुलालाही ठाऊक असतात.

पाटाबरोबर माणसेही आली. उसाच्या शेतीत मुरलेले सासवडकडचे माळी शेतकरी नीरा, प्रवरा आणि गोदावरीच्या पाटांवर जमिनी खंडाने घेऊन स्थायिक झाले. बागायत कशी करावी, खत किती घालावे, गूळ कसा काढावा, हे पुष्कळांनी त्यांच्याकडून शिकून घेतले. पाण्याचा अतिरेक झाला तेथे जमिनी पांढऱ्या पडल्या, चोपण झाल्या. काळ्या खोल जमिनीला निचरा नसेल तर पाट हा शापही ठरतो, हे पहिल्या काही दशकांतच कळून चुकले. परंतु गुळाचे भाव चढे असताना त्या सूचनेकडे लक्ष द्यायला सवड कोणाला होती?

गुऱ्हाळाकडून कारखान्याकडे

१९३२ मध्ये केंद्र सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. जावाहून येणाऱ्या स्वस्त साखरेवर जकात बसली आणि देशात साखर कारखाने काढणे फायद्याचे झाले. नगर जिल्ह्यात हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता, टिळकनगरला महादेवराव डहाणूकरांनी कारखाना काढला. कोपरगाव तालुक्यात हे काम करमशीभाई जेठाभाई सोमय्या यांनी केले. त्यांचा जन्म १९०२ मध्ये याच जिल्ह्यातील मालुंजे गावचा. मुंबईला जाऊन साखरेच्या व्यापारात त्यांनी नाव काढले आणि १९३९ मध्ये गोदावरी शुगर मिल्स ही कंपनी स्थापन केली. साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी येथे तिचे कारखाने उभे राहिले. या दोन्ही 'वाड्या' म्हणजे कारखान्याभोवती वसलेल्या वसाहतीच होत. कामगारांच्या चाळी, शाळा, दवाखाना, मंदिर, असे एक स्वयंपूर्ण जग तेथे होते. पुणतांब्याजवळ चांगदेवनगरचा खासगी कारखानाही त्याच परंपरेतला.

खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे मळे केले होते. शेतकरी जमिनीचा मालक, परंतु नांगर कंपनीचा. वर्षाकाठी मिळणाऱ्या खंडावर त्याने समाधान मानावयाचे. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला आणि हे मळे सरकारने घेतले. ते भूमिहीनांना किंवा मूळ मालकांना वाटले गेले नाहीत. त्यांच्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर हे त्याचे मळे झाले. ज्यांच्या वडिलांनी जमिनी खंडाने दिल्या होत्या ते 'खंडकरी' आपल्या जमिनी परत मागत राहिले. एक पिढी त्यातच गेली. जमिनी परत देण्याच्या निर्णयाची प्रत्यक्ष अंमलबजावणी २०१२ च्या सुमारास सुरू झाली. तोवर महामंडळाच्या मळ्यांत बाभळी माजल्या होत्या आणि कामगारांच्या चाळींची कौले उडाली होती. नगर जिल्ह्याच्या जमिनीच्या इतिहासातील हे एक लाजिरवाणे प्रकरण आहे, असेच म्हणावे लागेल.

दरम्यान, प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्याच मालकीचा सहकारी साखर कारखाना चालविता येतो, हे सिद्ध करून दाखविले होते. पन्नासच्या दशकात ते लोण कोपरगावला पोहोचले. कोळपेवाडी येथे कोपरगाव सहकारी साखर कारखाना झाला, त्यामागोमाग साठच्या दशकात सहजानंदनगरला संजीवनी कारखाना उभा राहिला. पहिल्याचे नेतृत्व शंकरराव काळे यांच्याकडे, तर दुसऱ्याचे शंकरराव कोल्हे यांच्याकडे होते. दोघेही आमदार झाले, मंत्री झाले. काळे खासदारही झाले आणि रयत शिक्षण संस्थेच्या धुरा त्यांनी वाहिल्या. २०१२ मध्ये काळे आणि २०२२ मध्ये कोल्हे काळाच्या पडद्याआड गेले. आज दोन्ही कारखान्यांना त्यांची नावे आहेत आणि तालुक्याचे राजकारण आजही त्याच दोन घराण्यांभोवती फिरते. कोणत्या कारखान्याला ऊस घालता, या प्रश्नाचे उत्तर दिले की, कोपरगावच्या शेतकऱ्याचे राजकारण वेगळे विचारावे लागत नाही.

या स्पर्धेने तालुक्याचे नुकसान केले तसे भलेही केले, हे मान्य केले पाहिजे. एकाने महाविद्यालय काढले की दुसऱ्याने काढलेच. संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे. त्या काळात ग्रामीण भागात अभियांत्रिकीचे शिक्षण ही नवलाईची गोष्ट होती. बागायतदाराचा मुलगा पुण्याला न जाता अभियंता होऊ लागला. दूध संघ, बँका, पतसंस्था, कुक्कुटपालन, वाहतूक संस्था यांचे जाळे विणले गेले. कोपरगावची बाजारपेठ, तेथील सराफ, कापड दुकाने, ट्रॅक्टरची गॅरेज आणि खतांची दुकाने ही सगळी उसाच्या बिलावर उभी आहेत. उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला की मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही आणि हप्ता लांबला की दुकानदारही उधारीची वही उघडून बसतो.

हंगाम

ऑक्टोबर सरता सरता कारखान्यांचे बॉयलर पेटतात. गव्हाणीची पूजा होते, पहिली मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने तालुक्याचा दिनक्रम बदलून जातो. रात्री-बेरात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर असते. टायर गाड्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि मळीचा आंबूस वास या दोन गोष्टींवरून परगावचा माणूस हंगाम ओळखतो. जखम झालेल्या रस्त्यावर न दिसणारी, मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली हा या हंगामातला दरवर्षीचा धोका. त्याविषयी दरवर्षी बातम्या छापून येतात आणि दरवर्षी ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याच्या सूचना निघतात.

ऊस तोडायला येतो तो माणूस मात्र कोपरगावचा नसतो. तो येतो बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार येथून, आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डी-जामखेडकडून, तसेच नांदगाव-चाळीसगाव भागातून. जिल्हा एकच, परंतु उत्तरेला पाट आणि दक्षिणेला पावसाची वाट. मिरजगावपासून आष्टी तालुक्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. या भागातील वाचकाला दिवाळीनंतर कुलूप लागलेली घरे आणि ओस पडलेल्या वाड्या-वस्त्या वेगळ्या समजावून सांगायला नकोत. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घ्यावयाची, हंगामात ती तोडून फेडावयाची आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावयाचे, हे चक्र आहे. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात कोप्या पडतात. भल्या पहाटे फडात जावयाचे, थंडीत दहिवराने भिजलेला ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून गाडीत भरावयाच्या. वाढे विकून दोन पैसे सुटतात, ते मीठमिरचीला. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. साखरशाळांचे प्रयोग झाले, वसतिगृहांच्या योजना झाल्या, तरी फडाच्या बांधावर भावंडाला सांभाळीत बसलेली शाळकरी पोर दिसावयाची राहिलेली नाही.

तोडणी यंत्रे आता काही फडांत दिसू लागली आहेत. ठिबक आणि मोठ्या सरीची लागवड असलेल्या सलग क्षेत्रात ती चालतात. तुकड्या-तुकड्यांच्या शेतात कोयत्याला पर्याय नाही. त्यामुळे दक्षिणेच्या दुष्काळावर उत्तरेचा साखर उद्योग चालतो, हे कटू वाटले तरी खरे आहे. कर्जत-जामखेडकडे पाण्याची सोय जसजशी होत गेली आणि तिकडेही कारखाने उभे राहिले, तसतसे मजूर मिळविणे उत्तरेला अवघड होऊ लागले आहे. मुकादमांनी उचल घेऊन मजूर पाठविलेच नाहीत, अशा फसवणुकीच्या तक्रारी हंगामाच्या सुरुवातीला पोलीस ठाण्यांत दाखल होतात.

नदी वाहते कोणासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नदीकाठच्या शहराला पाणी का पुरत नाही?

पहिले कारण भूगोलाचे आहे. पावसाळा संपला की नांदूर मधमेश्वरच्या खाली गोदावरी नैसर्गिकपणे वाहत नाही. वरून येणारे पाणी बंधाऱ्यातून कालव्यांत जाते. कोपरगावच्या पात्रात उरते ते बंधाऱ्यांत अडलेले आणि वरच्या शहरांच्या सांडपाण्याने डागाळलेले पाणी. त्यामुळे शहर पिण्यासाठी नदीवर नव्हे, पाटावर अवलंबून आहे. पाटाला आवर्तन सुटले की येसगाव शिवारातील साठवण तलाव भरून घ्यावयाचे आणि पुढचे आवर्तन येईपर्यंत ते पुरवावयाचे, अशी ही व्यवस्था आहे.

हिशेब समजून घेणे सोपे आहे. समजा, तलावात रोज पाणी दिल्यास तीस दिवस पुरेल एवढाच साठा बसतो आणि दोन आवर्तनांत साठ दिवसांचे अंतर आहे, तर नळ एक दिवसाआड सोडावा लागेल. बाष्पीभवन आणि गळती धरली तर तीन दिवसांआड. आवर्तन आणखी महिनाभर लांबले तर आठवड्यावर जाईल. शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येणार, हे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ठरत नाही. ते नाशिकच्या धरणांतील साठा आणि कालवा सल्लागार समितीची बैठक यांवर ठरते. लोकसंख्या मात्र वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ६५ हजार होती. पाच क्रमांकाच्या साठवण तलावाची मागणी वर्षानुवर्षे होत राहिली, तिच्यावरून आंदोलने झाली, श्रेयवाद झाला, न्यायालयाच्या पायऱ्याही चढल्या गेल्या. अखेर १३१ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी मिळाली. साठा वाढला की दोन आवर्तनांतील अंतर झेपेल, हे तिच्यामागचे साधे तत्त्व आहे.

दुसरे कारण वरच्या बाजूला आहे. दारणा धरणाची क्षमता सुमारे सात अब्ज घनफूट, स्वातंत्र्यानंतर झालेल्या गंगापूर धरणाची सुमारे साडेपाच. गंगापूर धरण आज प्रामुख्याने नाशिक शहराची तहान भागविते. शहर वाढले, औद्योगिक वसाहती वाढल्या, पिण्याचे आरक्षण वाढले. पाण्याच्या वाटपात पिण्याला पहिला मान असतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे सिंचनाचा वाटा आक्रसत गेला. ज्या शेतकऱ्याला पूर्वी वर्षभर आवर्तने मिळत, त्याला आता दोन-तीनवर भागवावे लागते. शिवाय पाट शंभरी ओलांडलेले. भराव खचतात, मोऱ्या फुटतात, ठरलेल्या क्षमतेने पाणी वाहू शकत नाही आणि 'टेल'पर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो.

तिसरे कारण खालच्या बाजूला आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये झाले. त्याची एकूण क्षमता सुमारे १०२ अब्ज घनफूट असून त्यापैकी उपयुक्त साठा सुमारे ७६ आहे. वर धरणे होत गेली तसे ते भरेनासे झाले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. पुढे मेंढेगिरी समितीने सूत्र घालून दिले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावयाचे. त्यानुसार २०१४, २०१५, २०१८ आणि २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्यात आले. प्रत्येक वेळी मोर्चे, रास्ता रोको, न्यायालयीन याचिका झाल्या. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या प्रश्नावर निकाल दिला, तरी वाद मिटलेला नाही.

कोपरगावचा शेतकरी म्हणतो, 'आमच्या पणजोबांसाठी बांधलेले धरण, त्याचे पाणी आमच्या डोळ्यांदेखत नदीतून खाली जाते आणि आमचा पाट कोरडा राहतो.' मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो, 'तुम्ही शंभर वर्षे ऊस पिकविलात, आम्हाला प्यायला तरी द्या.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र उसाला किती पाणी लागते आणि ते पाटाने मोकाट द्यावे की ठिबकने, हा प्रश्न दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना नकोसा असतो. पश्चिमेकडे समुद्राला जाणारे पाणी गोदावरी खोऱ्यात वळवावे, ही मागणी म्हणूनच सर्वांना सोयीची वाटते. तिच्यात कोणाचे पाणी काढून घ्यावे लागत नाही. ती पूर्ण होण्यासाठी लागणारा खर्च आणि काळ मात्र मोठा आहे.

एवढ्या टंचाईच्या गावाला महापूरही येतो, हे सांगितलेच पाहिजे. २००६ आणि २०१९ च्या पावसाळ्यात नांदूर मधमेश्वरमधून सुटलेल्या पाण्याने नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, माणसे हलवावी लागली. दोन दिवसांत जेवढे पाणी पुलाखालून जाते, तेवढ्यात शहराची कैक वर्षांची तहान भागली असती.

बदलता उद्योग

साखर हेच आता या उद्योगाचे एकमेव उत्पादन राहिलेले नाही. साकरवाडीच्या जुन्या कारखान्यात आता साखर होत नाही. तेथे मद्यार्कापासून रसायने तयार होतात. सोमय्यांची कंपनी गोदावरी बायोरिफायनरीज या नावाने ओळखली जाते आणि तिचा साखर कारखाना कर्नाटकात समीरवाडीला आहे. सहकारी कारखान्यांनीही आसवनी, वीजनिर्मिती आणि इथेनॉलची वाट धरली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाने कारखान्यांच्या हाती वेळेवर पैसा येऊ लागला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले, तेव्हा त्या भरवशावर कर्ज काढलेल्या कारखान्यांचे धाबे दणाणले. पुढील वर्षी हे निर्बंध उठले. धोरण दिल्लीत ठरते आणि त्याची झळ कोपरगावच्या उसाच्या हप्त्याला लागते.

नवा रस्ताही आला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याचे शिर्डीचे वळण कोपरगाव तालुक्यातील कोकमठाणजवळ आहे. यादवकालीन शिवमंदिरामुळे जाणकारांना ठाऊक असलेले हे गाव आता टोलनाक्यामुळे सर्वांना ठाऊक झाले आहे. शेती महामंडळाच्या पडीक मळ्यांवर औद्योगिक वसाहत उभी करण्याचे निर्णय झाले आहेत. जमिनींचे भाव वाढले, रस्त्यालगत ढाबे आणि गोदामे उभी राहू लागली. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे उद्घाटन २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. त्यामुळे गोदावरीचा पाट ज्यांच्यापर्यंत कधीच आला नव्हता, अशा तालुक्याच्या दक्षिणेकडील जिरायती गावांत प्रथमच धरणाचे पाणी पोहोचण्याची सोय झाली. या गावांतील म्हाताऱ्या माणसांनी अर्धे आयुष्य 'निळवंडे येणार' हे ऐकण्यात घालविले होते. पाणी आले, तेव्हा त्याची पूजा करायला बायका हळद-कुंकू घेऊन पाटावर गेल्या.

त्या गावांत आता पहिला प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे पाळी किती दिवसांनी येणार आणि ऊस लावावा की नाही.